टाकीवरचा तळहात

२०२१ सालची दिवाळी. माझे यजमान त्याच उन्हाळ्यात गेले होते. त्यांची शंभर सीसीची मोटारसायकल नवागामच्या आमच्या घराच्या भिंतीला टेकून उभी होती.

आयुष्य कापडाच्या कारखान्यात, लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे यांना फारसं ऐकू येत नसे. गाडी चालू आहे की बंद, हे ते टाकीवर तळहात ठेवून ओळखायचे. थरथर जरा बदलली की रविवारी ओट्यावर बसून प्लग घासायचे, चेन धुऊन तेल सोडायचे. मेकॅनिककडे ती क्वचितच गेली. शेजारी चिडवत, दगाभाऊ, आता सायकलच घ्या, ती तेवढंही पेट्रोल पीत नाही. हे नुसते हसत. ऐकू येई की नाही, देव जाणे. पण त्या काटकसरीवर आमच्या मुलाचं, लखनचं, आयटीआय झालं.

जाण्याआधी त्यांनी मला एवढंच सांगितलं, गाडी भंगारात देऊ नकोस, सांभाळणारा बघ.

लखनला मोठी गाडी हवी होती आणि दारात जागा एकाच गाडीची. लाभपाचमेपर्यंत, म्हणजे दिवाळीनंतरच्या पंचमीपर्यंत, गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर भंगारवाला नेईल, असं त्यानं बजावलं. जे आले त्यांनी टायर पाहिले, किका मारल्या, गाडी चालू होईना म्हणून निघून गेले. लखनने नवा प्लग टाकला, तरी नाहीच.

लाभपाचमेच्या सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी लागला, आणि त्याच वेळी जवळच्या गोडादऱ्याहून प्रवीण नावाचा एकजण गाडी बघायला आला. तोही लूमवरचा, आमच्याच खान्देशातला. तरुण असून ऐकायला कमी. त्यानं टायर पाहिले नाहीत. सरळ टाकीवर तळहात ठेवला.

"मावशी, गाडी ते चालूच शे ना."

चालू आहे म्हणे, आणि किल्ली तर माझ्या पदराच्या गाठीत होती.

लखन हसला. म्हणाला, मागच्या कारखान्याची थरथर आहे, इथल्या भिंतीसुद्धा हलतात. बोलता बोलता तो थांबला. कारागीर अजून गावाहून परतले नव्हते, सगळे लूम बंद होते. गल्ली इतकी शांत होती, की आत भांडी घासणाऱ्या आमच्या सुनेच्या, हर्षदाच्या, बांगड्या ऐकू येत होत्या.

मी हात ठेवला. टाकी गार होती, आणि थरथरत होती. यांच्या मागे बसून अंगात भिनलेली, तीच थरथर.

मी पदराची गाठ सोडली. "घेऊन जा," मी म्हणाले. "पण रविवारी तिच्याजवळ बसत जा."

पहिल्याच किकला चालू झाली.

प्रवीणला आता काहीच ऐकू येत नाही, पण त्याच गाडीवर तो बारडोलीला सासरी जाऊन येतो. भंगारवाला आमच्या गल्लीत पुन्हा आला नाही. लखनने घेतलेली मोठी गाडी, पेट्रोल परवडेना म्हणून, त्याच जागी कापडाखाली झाकलेली असते, तो शेअर रिक्षाने कामाला जातो. यांची गाडी जिला टेकून असायची, त्या भिंतीला हर्षदा टेकून बसत नाही; कारखाने बंद असले तरी ती हलते, म्हणते.

मी दिवाळीच्या सुट्टीत, कारखाने थांबले की, कापडाचं टोक उचलून टाकीवर हात ठेवून बघते. ही गाडी मुकीच आहे. थरथर येते ती खालून, फरशीतून, माझ्या तळपायांना.