माझ्या अंगावरची वाकळ

मित्रांनो, मी राजारामपुरीतल्या एका अपार्टमेंटची जुनी भिंत आहे. खिडकी नाही, सज्जा नाही. नुसतं करडं सिमेंट. चाळीस वर्षं ऊनपाऊस अंगावर झेलला, पण माझ्याकडे बघून कुणी 'वा!' म्हटलं असेल तर शपथ!

आणि एक दिवस ती सटवी वाकळ माझ्या अंगावर चढली.

त्याला कारण संघप्रिया, एक चित्रकार पोरगी. तिचं म्हणणं, "हितं सगळं पट्टीनं आखल्यागत ताठ हाय. जरा मऊ कायतरी पायजे." तिनं कबनूरच्या यंत्रमागांवर उरलेले कापडाचे तुकडे आणले. मंगळवार पेठेतल्या तिच्या आत्यानं, बायडाबाईंनी, चार बायका घेऊन त्यांची दोन मजले उंच वाकळ, म्हणजे गोधडी, शिवली. शिवताना तिच्या पोटात भाकरीचा तुकडा घातला.

"आत्या, ही काय पांघरायची हाय?" संघप्रिया म्हणाली.

"म्हणून उपाशी ठिवायची व्हय? वाकळंचं पोट रिकामं ठिवत न्हाईत."

ऐकलंत? चिंध्यांना भाकरी! आणि मला आजवर चुन्याचा एक हातसुद्धा नाही.

वाकळ टांगली. रिक्षावाले माना वर करून बघू लागले, क्लासच्या पोरी फोटो काढू लागल्या. "काय देखणी वाकळ!" अहो, पण तिला धरलंय कुणी? खिळे माझ्या अंगात, मिरवते ती! माझा नुसता जळफळाट झाला.

माझ्या एका भेगेत उंदीर राहायचा. त्याला भाकरीचा वास लागला. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आठवड्यात वाकळेच्या पोटाला परातीएवढं भोक पडलं आणि त्यातून मी दिसू लागले.

लोक माझ्याकडे बघतायत म्हणून मी हरखले. तोच खालून एक बाई ओरडली, "आगं बया, केवढी भेग! पडंल की अंगावर!" त्या दिवसापासून लोक रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जाऊ लागले.

बायडाबाई सुईदोरा घेऊन शिडीवर चढल्या. भोकात हात घातला, तो माझ्यावर टेकला. बराच वेळ त्यांनी भेगेवरून बोटं फिरवली. मग खाली हाक मारली, "संघप्रिया, गवंड्याला बोलीव. ठिगळ आदी हिला पायजे." आणि पुटपुटल्या, "माझ्याच भाकरीनं उंदीर आणला गं."

उंदीर माझ्या भेगेतला, आनंद मला झालेला, आणि चूक त्यांनी स्वतःवर घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गवंड्यानं भेग बुजवली, मग वाकळ सांधली गेली. कौतुक अजून तिचंच होतं. खोटं कशाला बोलू, मला अजून जळतं. पण मित्रांनो, तिला बघायला याल तेव्हा फोटो झाल्यावर एकदा माझ्यावरही हात ठेवा. कुठं चिरलेय का, तेवढं बघा. मी धड उभी राहिले, तरच ती राहील.