नऊशे चारमधून जाणारा तारा

भांडुपला आमच्या कॉलेजच्या गच्चीवर दुर्बीण आहे आणि तिच्या वायव्येला, शंभर मीटरवर, तीस मजल्यांचा टॉवर.

अल्गोल हा तारा साधारण दर तीन दिवसांनी काही तास मंद होतो. माझ्या एम.एससी.च्या आलेखात त्याच्या तेजाचा तळाचा बिंदू तेवढा राहिला होता. मे महिन्यात तारा सूर्याच्या उजेडात बुडतो, म्हणजे त्याआधी अंधारात येणारी संधी एकच : शुक्रवार, संध्याकाळी सात पन्नास. ती हुकली तर वर्ष गेलं. आणि तेव्हा तारा टॉवरमागे असणार होता.

मी गणित केलं. नवव्या मजल्यावरच्या फ्लॅट नऊशे चारमधली किचनची खिडकी आणि बाल्कनीचं दार, दोन्ही उघडी असतील तर तारा घरातून आरपार दिसेल. दोन मिनिटं.

माझे गाइड सुबोध सर, त्यांनी सोसायटीला पत्र दिलं. ‘विषय : ताऱ्यासाठी दारे-खिडक्या उघड्या ठेवणेबाबत.’ सेक्रेटरींनी परवानगी दिली, ताऱ्याने लिफ्ट वापरायची नाही या अटीवर.

नऊशे चारमधल्या सुलक्षणाकाकू मूळच्या मालवणच्या. “दिवेलागणीला घर काळोखात? जमायचं नाही गो,” त्या म्हणाल्या. शेवटी ट्यूबलाइट बंद, देवापुढचं निरांजन चालू, असं ठरलं. आठवडाभर तालीम केली. तारा रोज चार मिनिटं आधी येतो. गुरुवारी तो फोडणीत सापडला आणि तेजाच्या मापात ०.३ प्रतीने जास्तच मंद भरला.

“उद्या दहीभात,” काकूंनी शब्द दिला.

शुक्रवारी मी फोन कानाला लावून दुर्बिणीशी बसले. तारा आला. आणि गेला.

“काकू, मध्ये कोण आहे?”

“कोणी नाही गो. हे बसलेत फक्त.”

“कुठे?”

“किचनच्या खिडकीत, स्टुलावर. आठवडाभर घरातून जातोय, यांनी एकदा तरी बघायला नको?”

“काकांना वाकायला सांगा!”

“कंबर धरलीय त्यांची. त्यालाच जरा बाजूने जायला सांग ना.”

“काकू, स्टूल ओढा!”

फरशीवर काहीतरी करकरलं. काका ओरडले. मग त्यांच्या डाव्या कानाशेजारी एक बारीक ठिपका उगवला. मला बारा सेकंद मिळाले. मोजमापाला दहा लागतात.

काकांनी फोन घेतला. “मंद होता ना?”

“हो, काका.”

“मला वाटलंच. माझ्याकडे बघून लाजला असेल.”

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी माझा त्रुटींचा तक्ता बराच वेळ वाचला.

“‘फोडणी, ०.३’ कळलं. ‘काका, अनंत’ हे कसं मोजलंत?”

“प्रत्यक्ष, सर.”

त्यांनी सही केली.