डोर्कसच्या कबरीपाशी

शवपेटीवरच्या काळ्या कापडाला झिल्पा कवनाचा कागद टाचत होती, तेवढ्यात क्वाकोने तिचं मनगट धरलं.

"ही गोऱ्यांची रीत. आपल्यात तोंडानं बोलतात."

"मला वाटलं, काका, डोर्कसमावशीला आवडेल."

"तिला कुठं वाचता येत होतं?"

झिल्पाने मुकाट्याने टाचणी काढली. ती भांडली असती तर क्वाकोला बरं वाटलं असतं. तिचा शांतपणा त्याला जास्त झोंबला.

न्यूपोर्ट बंदरातल्या काळ्या गुलामांत कुणी गेलं की कबरीवर चार शब्द बोलायचा मान क्वाकोचा. एरवी तो मालकाच्या भट्टीवर पाव भाजायचा, शिव्या खायचा. पण मयताच्या दिवशी गोदीवरचे दांडगेही त्याच्यापुढे टोपी काढायचे. स्वतःचं म्हणावं असं त्याच्याकडे तेवढंच होतं. मग मालकाने ही पोरगी विकत आणली. ती लिहायला शिकली, येशूवर कवनं रचू लागली. मालकीणबाई तिला पाहुण्यांपुढे बसवायच्या, पाद्रीसाहेब मान डोलवायचे. आता आपली माणसंही म्हणत होती, "या खेपेला झिल्पाला बोलू दे की!" क्वाकोचा नुसता जळफळाट चालला होता.

पेटी खाली उतरली. डोर्कसचा नवरा प्राइमस म्हणाला, "बोल, क्वाको."

क्वाकोने नेहमीचं सुरू केलं. थकल्या हाडांना विसावा, पलीकडचा किनारा. आणि मध्येच गाडं अडलं. काही केल्या पुढचं सुचेना. लोक चुळबुळ करू लागले. कुणीतरी झिल्पाकडे पाहिलं, ते त्याला दिसलं. मग एकदम शब्द आले, तसे तो बोलत गेला.

"प्रभो, धुणी धुऊन हिच्या हातांना भेगा पडल्या. तुझ्याही हातांना जखमा आहेत, तू हिला ओळखशील. डोर्कस हे नाव मालकानं ठेवलेलं. आईनं काय ठेवलं होतं, ते तुलाच ठाऊक. त्याच नावानं हिला हाक मार."

प्राइमस ओक्साबोक्शी रडू लागला. बायकांनी शाली तोंडावर ओढल्या. तेव्हा कुठे क्वाकोच्या लक्षात आलं. हे त्याचं नव्हतं. गेले दोन दिवस तो कणीक तिंबत असताना भिंतीपलीकडे झिल्पा हेच पुटपुटत होती, आणि तो दात-ओठ खात ऐकत होता.

त्याने घाबरून तिच्याकडे पाहिलं.

"आमेन," सगळ्यांच्या आधी झिल्पाच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. तिने वाकून मूठभर माती टाकली.

प्राइमसने क्वाकोचे दोन्ही हात धरले. "अरे, त्या पोरीला जमलं असतं का असं?"

'नाही' म्हणून मोकळं व्हावं, असं क्वाकोला क्षणभर वाटलंही.

"शब्द तिचे होते," तो म्हणाला. "माझं त्यात काही नाही."

प्राइमसने डोळे पुसले, मागे वळून सगळ्यांना म्हणाला, "बघितलंत? एवढं बोलून वर मोठेपणा पोरीला देतोय!"

गोदीवरच्या माणसांनी पुन्हा एकदा टोप्या काढल्या.