सतरा नंबरचं कोठार

जिल्ह्याच्या यादीत संरक्षित वास्तू एकेचाळीस होत्या. दर पाच वर्षांनी प्रत्येकीसमोर उभं राहून तिची अवस्था लिहायची, हे तपासनीस बाईंचं काम. या खेपेला निम्मी यादी व्हायच्या आतच त्यांचं मन विटलं. दगडी पुलाच्या कठड्याला कुणीतरी चकचकीत गुलाबी ऑइलपेंट फासला होता. जुन्या जकातनाक्याच्या चौकीत लोक प्यायला बसत आणि उठताना तिथेच भिंतीशी मोकळे होत. घंटाघराच्या पायऱ्यांवर कोण कुणावर प्रेम करतं ते खिळ्याने कोरलेलं होतं. बाई फोटो काढत, रकाने भरत आणि गाडीपाशी येऊन हात धूत. चालकाने शेवटी मागच्या सीटवर पाण्याचा कॅनच ठेवून दिला.

"मॅडम, संरक्षित म्हणजे नक्की कुणापासून हो?" त्याने एकदा विचारलं.

"पुढे बघून चालव," बाई म्हणाल्या.

सतरा नंबरची वास्तू म्हणजे गोल कोठार. दुष्काळासाठी धान्य साठवायला बांधलेलं, चार पुरुष उंच, घुमटाचं. एकच बुटकं दार आणि माथ्यावर धान्य ओतायचं भोक. ते गावाबाहेर, कोंबड्यांच्या लांबलचक शेडांच्या मागे होतं. शेड जिल्हा वारसा समितीच्या अध्यक्षांच्या. दारावर खात्याची निळी पाटी होती: आत शिरणाऱ्यास वा वास्तूस हात लावणाऱ्यास शिक्षा होईल. पाटी तेवढी स्वच्छ पुसलेली होती.

गाडीचं दार उघडताच चालकाने नाक दाबलं. "बाप रे! काय मेलंय इथे?"

बाजूच्या पत्र्याच्या खोलीतून राखणदार धावत आला. साठीला टेकलेला, खात्याच्याच नोकरीतला. बाईंनी किल्ली मागितली तसा तो पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला.

"किल्ली अध्यक्षांकडे असते, बाई."

"खात्याच्या वास्तूची किल्ली अध्यक्षांकडे कशी?"

उत्तर दिलं त्याच्या बायकोने. ती खोलीसमोर तोंडाला फडकं बांधून भांडी घासत होती. "त्यांना काय विचारता? दार नुसतं ओढा. कुलूप दाखवायला आहे, कडी कधीच गंजून गेली."

"अगं, गप की जरा!"

"का गप? नोकरी तुमची एकट्याची, वास दोघांच्या नशिबी. सात वर्षं झाली, घास गिळताना नाक धरावं लागतं."

बाईंनी दोन्ही हातांनी दार ओढलं.

आत कोंबड्या होत्या. मेलेल्या. छातीएवढा ढीग, वर ताज्या पांढऱ्या, खाली काळपट रेंदा. काही पोत्यांत बांधलेल्या, पोती फुटून पसरलेल्या. बाईंना आधी वाटलं, अंधारात डोळे फसताहेत म्हणून ढीग हलल्यासारखा दिसतोय. मग टॉर्च लावला. ढीग खरंच हलत होता. अळ्या उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. भिंतीचा चुना, तीनशे वर्षं टिकलेला तो गुळगुळीत चुना, ओलसर तपकिरी होऊन ओघळत होता.

बाई वळल्या आणि दाराशेजारीच ओकल्या. चालकाने कॅन आणला, पण तोंड धुताना पाण्यालाही तोच वास यायला लागला.

कोठाराच्या मागच्या बाजूला शिडी लावलेली होती, थेट माथ्यावरच्या भोकापर्यंत. शेडांत रोज काही कोंबड्या मरतात. त्यांच्यासाठी खड्डे खणायचे, चुना टाकायचा, माती लोटायची, एवढी यातायात कोण करणार? इथे खड्डा आयताच होता, आणि कुणी डोकावू नये म्हणून वर कायद्याची पाटी.

तेवढ्यात अध्यक्षांची गाडी आली. पांढराशुभ्र शर्ट, हातात अत्तराचा रुमाल.

"अहो मॅडम, कळवायचं तरी! चला, घरी चहा घेऊ."

"आत काय भरलंय तुम्ही?"

"कोठार आहे ते. साठवायलाच बांधलंय. आम्ही वापर चालू ठेवला, इतकंच." ते स्वतःच हसले. बाई हसल्या नाहीत तसा त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, मागच्या वेळी तुम्हीच लिहून गेलात ना, आतून समाधानकारक म्हणून? तेव्हाही निम्मं भरलेलंच होतं."

पाच वर्षांपूर्वीची ती दुपार बाईंना लख्ख आठवली. ऊन मरणाचं होतं. अध्यक्षांनी आग्रहाने जेवायला नेलं. किल्ली सापडत नाही म्हणाले. वास आला होता, पण शेडांचा असेल असं बाईंनीच स्वतःला सांगितलं, आणि त्याच्याही आधीच्या अहवालातला शब्द उतरवून खाली सही ठोकली. जेवायला कोंबडीच होती. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली होती.

"चहा नको," त्या म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फोटो पाहिले आणि पटकन फाइल मिटली. "घाण आहे, कबूल. पण जुना अहवाल खोटा म्हणालात तर पहिली चौकशी तुमची. 'अंतर्गत स्वच्छता आवश्यक' असं लिहा आणि मोकळ्या व्हा. पुढच्या महिन्यात अध्यक्षांचा सत्कार आहे, वारसा जतनाबद्दल. निमंत्रणं छापून झालीत."

"मी जाऊ का तिथे हार घेऊन?" बाईंनी विचारलं. साहेबांना ते खरंच वाटलं. त्यांनी मान डोलावली.

घरी बाईंनी दोनदा आंघोळ केली. ताट समोर आलं आणि त्यांनी ते तसंच सरकवलं.

"चार वर्षं राहिलीत निवृत्तीला," नवरा म्हणाला. "कशाला उकरत बसतेस?"

"उकरायचंय काय? सगळं वरच पडलंय."

त्यांनी अहवाल लिहिला. पहिल्याच ओळीत लिहिलं की मागच्या तपासणीत मी दार उघडलं नव्हतं आणि तरीही सही केली होती. एक प्रत साहेबांना दिली, दुसरी आरोग्य खात्याला पाठवली, कारण कोठारापासून पन्नास पावलांवर पिण्याच्या पाण्याची विहीर होती.

साहेब म्हणाले तसंच झालं. पहिली चौकशी बाईंची लागली. बढती अडली, यादी हातातून गेली आणि त्यांना तळघरातल्या दप्तरखान्यात बसवलं. अध्यक्षांच्या शेड पंधरा दिवस बंद राहिल्या आणि कोठार रिकामं करून देण्याचा हुकूम निघाला. त्यांनी प्रकृतीचं कारण देऊन समितीचा राजीनामा दिला. सत्कार मात्र झाला. लहान सभागृहात झाला, एवढंच.

कोठार रिकामं करायच्या दिवशी बाई रजा टाकून गेल्या. त्यांचं तिथे काही काम नव्हतं. अध्यक्षांनी चार मजूर पाठवले होते, त्यातले दोन पहिल्या तासातच पळाले. उरलेल्यांबरोबर राखणदार आणि त्याची बायको घाणीने भरलेल्या पाट्या ओढत होती. बाईंनी तोंडाला फडकं बांधलं आणि रांगेत उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत फरशी दिसायला लागली. बाईंनी भिंतीला हात लावला तर चुन्याचा पोपडा भिजलेल्या पावासारखा हातात आला. हे आता कोणत्याच रकान्यात बसणारं नव्हतं.

पाणी प्यायला सगळे बाहेर बसले. राखणदाराची बायको बाईंच्या शेजारी टेकली.

"मागच्या खेपेला आला होतात तेव्हा मी तुमच्या गाडीला हात केला होता," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्या वळणावर. काचा वर होत्या तुमच्या."

बाईंनी वळणाकडे पाहिलं. ती दुपार, ते ऊन, ते जेवण, सगळं त्यांना आठवत होतं. रस्त्याच्या कडेला हात हलवणारी बाई काही केल्या आठवेना.