चिकाचं निमित्त

केळीच्या बागेत चांगले कपडे घालून कोणी जात नाही. गिरणाकाठच्या त्या गावात हे कोणाला शिकवावं लागत नाही. केळीचा चीक आधी पाण्यासारखा दिसतो, माणूस निर्धास्त राहतो, आणि दुसऱ्या धुण्याला कपड्यावर काळपट-तांबडे डाग उमटतात. ते साबणाने जात नाहीत, लिंबाने जात नाहीत, नवससायासाने तर नाहीच नाही. म्हणून बागेत जायचं ते काळं, निळं, चॉकलेटी, घरात जे काही शेवटच्या घटका मोजत असेल ते घालून. बायका साडीवरून नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला रुमाल गुंडाळतात आणि निघतात. नवऱ्याने आयुष्यात दुसरं काही दिलं नसलं, तरी तेवढा शर्ट दिलेला असतो.

कमलबाईचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. त्याचे होते नव्हते ते चार शर्ट तिने एकेक करून बागेत संपवले. चौथ्याच्या पाठीवर कापडापेक्षा ठिगळंच जास्त झाली, तेव्हा मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती हेमराजच्या ओट्यावर येऊन बसली. हेमराजच्या बागेत ती पंधरा वर्षं कामाला होती. त्याची बायको रूपाली लग्न होऊन या घरात आली, त्याच्याही आधीपासून.

"वहिनी, भाऊना एखादा जुना शर्ट व्हई तं द्या," कमलबाई म्हणाली.

रूपालीने आतून गाठोडं आणलं. ती धुळ्याची. माहेरी शिवणकाम शिकलेली, आणि आता भडगावला दुपारी मुलींचा शिवणक्लास घेणारी. कपड्याला बोट लावलं की सुती किती, मिसळ किती हे ती डोळे मिटून सांगायची. गाठोड्यात वापरण्याजोगे दोनच शर्ट निघाले. एक पांढरा, जुना पण मऊ, शुद्ध सुती. दुसरा काळा, चकचकीत, टेरिकॉटचा. तो हेमराजने मित्राच्या वरातीत घातला होता आणि परत कधी घातला नव्हता, कारण त्यात जीव गुदमरतो असं त्याचंच म्हणणं.

कमलबाईने पांढऱ्यावर हात ठेवला. कापड दोन बोटांत धरून चोळलं.

"हाऊ चांगला शे. गार शे," ती म्हणाली.

रूपालीने तो शर्ट तिच्या हातातून काढून घेतला. ओढला नाही, हिसकावला नाही. आईने पोराच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा, अगदी हळूच आणि हसत.

"अक्का, पांढरा बागेत काय कामाचा? एका दिवसात चीक लागून वाटोळं होईल. हा काळा घ्या. कितीही डाग पडोत, दिसायचे नाहीत."

यात एक शब्दही खोटा नव्हता. गावातल्या कोणालाही विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं. कमलबाईनेही मान डोलावली. "ते बी खरं शे," म्हणाली, आणि काळा शर्ट काखेत मारून गेली.

आता खरं कारण सांगायला हवं. रूपालीला तो पांढरा शर्ट स्वतःला हवा होता. भडगावला स्कूटीवर जाताना अंगात घालायला तिच्याकडे सनकोट होता, पण त्याचा घाम यायचा. हा सुती शर्ट हाती लागला आणि तिच्या मनात आलं, बरं झालं. क्लासमधल्या मुलींना ती दर उन्हाळ्यात सांगायची, उन्हात निघायचं तर फिकट घाला, सुती घाला, काळं कापड ऊन पितं. पिणारं कापड कमलबाईला आणि गार कापड आपल्याला, असा सरळ हिशोब तिने मनात मांडला नव्हता. पण तो मांडायला फार वेळ लागला नसता, आणि तिने तो मांडला नाही एवढीच तिची हुशारी.

बुधवारी ती तो पांढरा शर्ट घालून स्कूटीवर निघाली. त्या आठवड्यात बागेतले घड उतरून झाले होते. उभी खोडं आडवी पाडायची, तुकडे करायचे आणि पाला बांधावर ओढून टाकायचा, असं काम चाललं होतं. केळी उभी असते तेव्हा खाली सावली असते. पाडली की वर नुसतं आभाळ. सहा-सात बायका वाकलेल्या होत्या. त्यात काळा ठिपका कमलबाईचा. स्कूटीच्या आवाजाने ती सरळ झाली, डोळ्यांवर हात धरून तिने पाहिलं आणि हात हलवला. रूपालीनेही हलवला. तेव्हा तिला काहीतरी टोचलं, नाही असं नाही. पण रस्ता चांगला होता, वारा लागत होता, आणि भडगाव येईपर्यंत ती ते विसरली.

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला क्लासमध्ये तिला हेमराजचा फोन आला. कमलबाई बांधावर पाला ओढताना पडली होती. आधी नुसती असंबद्ध बडबडत होती, मग बोलेनाच. अंगाला हात लावला तर चटका बसत होता, आणि घाम मात्र एक थेंब नव्हता. हेमराजने तिला गाडीत घालून भडगावला आणलं. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावून, ओल्या चादरीत गुंडाळून जळगावला पाठवलं. रूपाली क्लास सोडून तशीच गाडीत बसली. कमलबाईचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तो काळा शर्ट भडगावलाच कात्रीने कापून काढला होता आणि पिशवीत भरून पायाशी ठेवला होता. रूपालीच्या अंगात पांढरा होता. पाचोरा मागे पडेपर्यंत तो काढावा असं तिला सुचलं नाही. सुचलं तेव्हा तिने तो काढून सीटखाली कोंबला, चोरीचा माल असावा तसा.

जळगावच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी ताप पाहिला. एकशे सहा. धावपळ झाली, बर्फ आला, पंखे आले. तासाभराने बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ती पिशवी होती.

"उन्हाचा तडाखा कोणालाही बसतो," त्या म्हणाल्या. "पण त्रेचाळीस-चव्वेचाळीस तापमानात काळा शर्ट, आणि तोही असल्या कापडाचा? अंगातली वाफ बाहेर जायला वाट नको का? कोणी घालायला सांगितला हा?"

हेमराज लगेच म्हणाला, "बाई, या लोकांना किती सांगा, ऐकत नाहीत."

रूपाली त्याच्या शेजारीच उभी होती. तोंड उघडायला तिला भरपूर वेळ होता. डॉक्टरीणबाई पिशवी नर्सकडे देऊन वळल्या, मागे न बघता आत गेल्या, दार लागलं, आणि तरीही रूपाली गप्पच राहिली. हेमराजला शर्ट कुठून आला हे माहीत नव्हतं. आपलीच वरातीतली वस्तू त्याने ओळखली नाही.

संध्याकाळी नशिराबादहून कमलबाईची मुलगी सारिका आली. दोन लेकरं सासूजवळ ठेवून, रिक्षाने. आल्या आल्या तिने रूपालीचे पाय धरले.

"वहिनी, तुम्ही वेळेवर आणलं म्हणून. नाहीतर माझी आई गेली होती."

रूपालीने पाय मागे घेतले. "उठ गं, माझ्या पाया पडू नकोस," ती म्हणाली, आणि सारिकाला तो विनय वाटला. मोठ्या घरची माणसं अशी असतात, असं तिने बाकावरच्या बाईला कौतुकाने सांगितलंसुद्धा. रूपालीला ते ऐकू आलं. त्यापेक्षा कोणी थोबाडीत दिली असती तर बरं, असं तिला वाटलं.

दोन दिवस कमलबाई शुद्धीवर नव्हती. रूपाली रोज सकाळी गावाहून यायची, काचेतून बघायची, संध्याकाळी परत जायची. घरी भाकरी थापताना थांबायची. झोपेत नाही, जागेपणी, लख्ख उजेडात तिला ती दोन बोटं दिसायची, कापड चोळणारी. बाई मागायला आली होती आणि तिने बरोबर तेच मागितलं होतं. शिवणकाम न शिकता, क्लास न लावता तिला कळलं होतं कोणता शर्ट उन्हाचा. आणि आपण शिकलेल्या बाईने तिला चिकाचं कारण सांगून परत पाठवलं.

शनिवारी तिने हेमराजला सगळं सांगून टाकलं. तो जेवत होता. त्याने घास गिळला, पाणी प्यायला.

"तू शर्ट दिलास. ऊनही तूच दिलंस का?"

"मला माहीत होतं हो काळा गरम होतो."

"गावातल्या निम्म्या बायका काळं घालतात. बाकीच्या पडल्या का? काहीतरी डोक्यात घेऊन बसू नको. आणि हे दुसऱ्या कोणाला बोलू नको."

तो चांगल्या मनाने बोलला. बायकोचा जीव हलका व्हावा एवढंच त्याला हवं होतं. पण रूपालीला सूट नको होती. शिक्षा हवी होती, आणि ती देऊ शकणारी माणसं दोनच होती. एक काचेच्या आत होती आणि दुसरी पाया पडत होती.

रविवारी कमलबाईने डोळे उघडले. बुधवारी तिला साध्या वॉर्डात आणलं, पुढच्या सोमवारी सोडलं. सारिका तिला आपल्या घरी नशिराबादला घेऊन गेली. वाचली, पण डाव्या हाताला कंप राहिला आणि बोलताना मध्येच शब्द हरवायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू जाईल, बहुतेक जाईल. त्या "बहुतेक"वर रूपालीचे पुढचे आठ दिवस गेले.

मग ती एकटीच एसटीने नशिराबादला गेली. काय बोलायचं ते वाटेत घोकलं. सारिकासमोरच बोलायचं, तिला शिव्या द्यायच्या तर देऊ दे, जावयाला बोलवायचं तर बोलवू दे. चीक, डाग, गावाची रीत यातलं काहीही मध्ये आणायचं नाही. पांढरा त्यांनी मागितला होता, मला तो स्वतःला हवा होता, म्हणून मी काळा दिला. एवढी तीन वाक्यं.

कमलबाई पुढच्या खोलीत खाटेवर बसली होती. वाळली होती. रूपालीला बघून तिने पदर सारखा केला, उठायला लागली. सारिकाने तिला दाबून बसवलं आणि रूपालीला खुर्ची दिली. रूपाली बसली नाही.

"सारिका, मला तुझ्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "त्या शर्टाचं."

"सारिका, पहिले चहा ठेव," कमलबाई म्हणाली. आवाज अडखळत होता, पण हुकूम हुकूमच होता. सारिका आत गेली. स्टोव्हचा आवाज सुरू झाला तशी कमलबाईने रूपालीला खुणेने जवळ बोलावलं.

"माले ठाऊक शे," ती हळू म्हणाली. "बुधवारले मी देखं तुम्हले. गाडीवर. तोच शर्ट व्हता."

रूपालीची घोकलेली तीन वाक्यं तिथेच राहिली. "अक्का," एवढंच ती म्हणाली. डोळे भरून आले.

"रडू नका. आते ती यी." कमलबाईचा डावा हात मांडीवर थरथरत होता, तिने तो उजव्या हाताने धरला. "तिले सांगू नका. जवाई रागना शे. तुम्हना दारमा यी, भाऊसंगे भांडी. मंग मी कोना वावरमा जाऊ?"

"अक्का, तुम्ही आता कामाला नका येऊ. मी बघते सगळं."

"काय बघशात?" कमलबाई रागावली नव्हती, नुसतं विचारत होती. "पोरना घर चार दिन पाव्हनी म्हनीसन बरं. मना घर तठे शे. मना काम तठे शे."

तिने माफ केलं नव्हतं, दोषही दिला नव्हता. तिला फक्त आपल्या गावी परत जायचं होतं, आणि त्या वाटेवर रूपालीचा कबुलीजबाब आडवा येत होता. मन मोकळं करायला आपण एवढ्या लांब आलो, आणि ते मोकळं केलं तर त्याचा भार पुन्हा हिच्याच डोक्यावर जाईल, हे रूपालीला तिथे, त्या खाटेशेजारी कळलं.

सारिका चहा घेऊन आली. कप हातात देताना म्हणाली, "हं वहिनी, बोला. त्या शर्टाचं काय? मीही तुम्हाला विचारणारच होते. आई म्हणते काळा मीच उचलला. मला पटत नाही. इतक्या वर्षांची कामाची बाई, तिला इतकं कळत नाही का? खरं सांगा, तिनेच निवडला होता ना?"

कमलबाईने मान वर केली नाही. चहा बशीत ओतत होती, निम्मा सांडत होता.

रूपालीने कप खाली ठेवला, परत उचलला.

"हो," ती म्हणाली. "पांढरा होता दुसरा. मी तोच पुढे केला होता. पण यांनी काळाच घेतला."

सारिका आईकडे वळली. इतक्या दिवसांची भीती, दवाखान्याच्या फेऱ्या, सासूकडे ठेवलेली लेकरं, सगळं तिच्या तोंडून बाहेर पडायला लागलं. तुला अक्कल नाही का, वहिनी चांगलं देतात ते घेता येत नाही, मेली असतीस तर मी काय केलं असतं. ती बोलत गेली, रडत गेली, आणि कमलबाई खाली मान घालून सगळं ऐकून घेत राहिली. मध्येच एकदा म्हणाली, "चुकनं मनं, माय."

रूपाली खुर्चीवर बसली आणि चहा संपवला.