बारा नंबरची खिडकी

"खिडकी नाही, म्हणजे घर नाही," तपासणीला आलेले साहेब म्हणाले आणि फुली मारायला त्यांनी पेन उघडलं.

माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षं मी याच खोलीत लोकांच्या पँटी आखूड केल्या, ब्लाउज उसवून सैल केले. खाली तीन मजले कापडाचं दुकान, वर आम्ही शिलाईवाल्या. दुकान बंद पडलं आणि इमारत सहा वर्षं पारव्यांना आंदण दिल्यासारखी पडून राहिली. मग सरकारने अनुदान काढलं, ओस इमारतींत स्वस्तातली घरं करायची म्हणून. आम्ही अर्ज केला. सोडतीत नेमकी हीच खोली लागली, घर नंबर बारा. भाड्याची जागा सोडायला आम्ही बोचकी बांधून तयार, आणि आता हे.

"नियमच आहे, ताई. बाहेर उघडणारी खिडकी नसेल, तर त्या घराला अनुदान मिळत नाही."

"जाऊ दे," आमचे हे पुटपुटले. यांचा जन्म 'जाऊ दे' म्हणण्यात गेला.

"काय जाऊ दे? खिडकी आहे. दुकानाच्या मालकाने शेवटच्या वर्षी फळ्या ठोकून वरून गिलावा केला. उन्हाने रेशमाचा रंग उडतो म्हणे. आमचे डोळे गेले तरी चालतील."

"नकाशात नाही," साहेब म्हणाले.

"नकाशा काढणाऱ्याने इथे काजं केली होती का?"

सुतार शेजारीच दार बसवत होता. मी तावातावाने त्याला भिंत दाखवली. त्याने हातोडी मारली, आत वीट. हातभर पुढे दाखवलं, तिथेही वीट. नव्या भिंती घातल्याने मला खोलीचा अंदाजच येईना. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"तुझं मशीन कुठे होतं?" ह्यांनी हळूच विचारलं आणि पायाने फरशीवरची माती सारायला लागले.

कोपऱ्याजवळ गंजाचे चार डाग निघाले. माझ्या मशीनचे पाय. मी रंगाचा रिकामा डबा तिथे उपडा घातला आणि बसले. शिवताना उजेड नेहमी डाव्या खांद्यावरून यायचा. मी डावा हात सरळ लांब केला.

"इथे मार."

आवाज पोकळ आला. दोन फळ्या निघाल्या आणि ऊन थेट माझ्या मांडीवर पडलं. साहेबांनी पुढे होऊन स्वतः कडी काढली, खिडकी उघडून पाहिली आणि लिहिलं, 'खिडकी, एक.' मी मेली ढसाढसा रडले, चारचौघांत.

"मशीन इथेच ना?" ह्यांनी विचारलं.

"मग कुठे? आणि तुमची खुर्ची पलीकडे. माझ्या उजेडात यायचं नाही."

"बरं," हे म्हणाले आणि तिथेच, माझ्या डाव्या बाजूला, उन्हात उभे राहिले.