अस्वल आणि ओहोटी

मंजुळाचा मामा मालवाहू बोटीवर नोकरीला होता. चौऱ्याण्णव साली सुट्टीवर येताना त्याने भाचीला हातात मावणारा व्हिडिओ गेम आणला. चार सेल घातले की त्याच्या राखी-हिरवट पडद्यावर अस्वलाचं एक पिल्लू उड्या मारत, फळं वेचत चालायचं. अगदी लहान मुलांसाठी केलेला असावा, कारण त्यात मरण नव्हतं. पिल्लू पाण्यात पडलं की कासव त्याला पाठीवरून काठावर आणून ठेवायचं. कान झटकून ते पुन्हा उभं. मुलांना शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून असेल, मला ते कासव फार आवडायचं.

निवृत्तीनंतर मी ठाण्यात, चेंदणीच्या कोळीवाड्याला लागून राहत होतो. संध्याकाळी पाच-सहा मुलं ओट्यावर पाढे म्हणायला येत. दुसरीतली मंजुळा सगळ्यांत शेवटी जायची, कारण तिला न्यायला आलेला तिचा आजा नाथा घरी न जाता तिच्याशेजारीच बसायचा. मग दोघं आळीपाळीने गेम खेळायचे.

नाथाने सगळं आयुष्य खाडीत होडी घातली होती. जाळी ओढून जाड झालेल्या त्याच्या अंगठ्याखाली दोन-दोन बटणं दाबली जायची. तरी फळं वेचण्यापर्यंत त्याचं ठीक चालायचं. पुढे पाण्यावर पाच पानं होती. त्यांतलं पाचवं सारखं वर येऊन पुन्हा बुडायचं. ते पाणी आलं की नाथा पिल्लाला काठावर उभं करायचा आणि अंगठा उचलून घ्यायचा.

"गुरुजी, आजाला सांगा ना. डाव घेतो नि नुसता बसून राहतो."

"भरती हाय," पडद्यावरची नजर न काढता नाथा म्हणाला. "ओहोटी लागू दे, मंग जाऊ."

"गेममधे ओहोटी नसते, आजा."

"पानी हाय तं ओहोटी हायच. तुजा मामा येवढा बोटीवर ऱ्हातो, त्यानं येवढं पन नाय सांगितलं?"

मंजुळा हसून माझ्या अंगावर पडायची. मग नाथा विचारायचा, "पल्याड काय हाय गं?"

"काय माहीत. मी पन कुठे गेलेली?"

"गेलीस की मना दाखव."

माघात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन नाथा गेला.

दहाव्याला मी खाडीवर गेलो होतो. मंजुळा आजीचं बोट सोडेना, म्हणून तिलाही आणलं होतं. पिंड मांडले. तिवरांवर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. नाथाचा मुलगा गुणाजी हात जोडून म्हणाला, "आयला सांभाळीन." नाथाची बायको भागीरथी म्हणाली, "होडी इकणार नाय." तास होत आला. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा मंजुळा पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "आजा, तुझं अस्वल मी पल्याड नेईन."

कावळा उतरला. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती, तर त्याला भूक लागली असेल, असं मी म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच ती गेम घेऊन माझ्याकडे आली. तिचा चेहरा सुकला होता.

"गुरुजी, तुम्हीच न्या. मला पाचवं पान जमत नाय. नाय नेलं तर आजा अडकून राहील."

"शब्द तू दिलायस, बाळ. उडी तूच मारायची. मी मोजायला शिकवतो."

आम्ही शेजारी बसून नुसतं बघितलं. पान वर आलं की एक, दोन, आणि तिसऱ्याला बुडतं. म्हणजे थांबायचं नाही, दोनलाच पुढची उडी. तिला कळलं होतं, पण बोटं ऐकत नव्हती. आठ दिवस कासव पिल्लाला परत आणत राहिलं. एकदा ती रडलीसुद्धा. "हे कासव आजाला का नाय आणत?" तिने विचारलं. मी पुन्हा एकपासून मोजायला लागलो.

नवव्या दिवशी तिने पिल्लू काठावर उभं केलं आणि अंगठा उचलून घेतला. नाथा थांबायचा तेवढाच वेळ ती थांबली. पाणी होतं तसंच राहिलं. मग तिने उडी मारली. एक, दोन, तीन, चार. पाचव्यावर मी मोजायचं विसरलो. ती विसरली नाही.

पल्याड तसाच एक काठ होता. एक झाड आणि दोन फुलं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने पिल्लाचं तोंड पाण्याकडे वळवलं आणि गेम ओट्यावर ठेवला.

"पुढे नाही न्यायचं?" मी विचारलं.

"आजाला येऊ दे ना. ओहोटी लागली की येल तो."

मुलाचं चुकलं की शेजारी बसून समजावून सांगायचं, ही माझी सवय. मी शेजारीच बसलो होतो, पण समजावलं काही नाही. थोड्या वेळाने पिल्लाने जांभई दिली आणि ते काठावर बसलं. ओट्याखालून भागीरथी हाका मारत होती. मंजुळा उठेना, म्हणून मीही उठलो नाही.